तळ्यातील रोहू अंडी का घालत नव्हती? हिरालाल चौधुरी : एक प्रकरण अभ्यास

पहिल्या जोरदार पावसाने ओढ्याला लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि पार भातखाचरांपर्यंत पोचतात. कोकणात याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे म्हणतात. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न फारसा समजावून सांगावा लागत नाही. चढत्या, गढूळ, वाहत्या पाण्यात जी रोहू लाखो अंडी सोडते, तीच रोहू गावतळ्यात वाढवली तर अंगाने चांगली भरते, आषाढात तिचे पोट अंड्यांनी तट्ट फुगते, पण ती अंडी सोडत नाही. पावसाळा सरत जातो तशी ती अंडी तिच्या पोटातच जिरून जातात. कटला आणि मृगळ यांचेही तसेच. तळ्यात मासा वाढतो, पण त्याचा वंश तळ्यात वाढत नाही, ही अडचण भारतातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीला पिढ्यान्‌पिढ्या भोवत आली होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे ती सुटली. ती सोडवणारे हिरालाल चौधुरी मत्स्यवैज्ञानिक होण्यापूर्वी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते. त्यांच्या यशात त्या शिक्षकी घडणीचा वाटा किती होता, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

अडचण व्यवहारात कशी दिसत होती, ते आधी पाहू. तळ्यात सोडण्यासाठी लागणारे बीज नदीतून गोळा करावे लागे. गंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठांवर पुराच्या दिवसांत नरसाळ्याच्या आकाराची बारीक जाळी प्रवाहाच्या तोंडाशी लावत, आणि त्यांच्या शेपटाला जमा होणारे जिरे, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली, जिऱ्याएवढी पिल्ले, मातीच्या हंड्यांत भरून कोलकात्याच्या बाजारात आणत. तेथून त्या हंड्या रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत जात. मुंबई प्रांतातील तलावांसाठीही बीज असेच आणावे लागे. सोबतचा माणूस वाटेत सतत हाताने पाणी हलवत राही, कारण पाणी स्थिर झाले की प्राणवायू कमी पडून पिल्ले गुदमरत. इतके करून जे पोचे, त्यात रोहू किती आणि मृगळ किती हे सांगता येत नसे. त्या वयाची पिल्ले डोळ्यांना सारखीच दिसतात, आणि त्यांच्यातच शिवडा, मरळ यांसारख्या शिकारी माशांची पिल्लेही मिसळलेली असत. ज्या शेतकऱ्याने रोहूचे पैसे मोजले, त्याच्या तळ्यात वर्षअखेरीस रोहू खाऊन पोसलेला शिवडा सापडे. शिवाय पूर कमी आला, उशिरा आला किंवा फारच मोठा आला, तर त्या वर्षी बीजच मिळत नसे. पश्चिम बंगालच्या बांकुरा आणि मेदिनीपूर भागांत माळावरचे पाणी उताराच्या बांधात अडवून तेथे मासे विणवण्याची पद्धत होती, आणि ती खरोखर चतुर होती. तरीही तीसुद्धा पावसाच्याच मर्जीवर चालत असे.

चौधुरी यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९२१ रोजी सिल्हेट जिल्ह्यात, सुरमा नदीच्या खोऱ्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. पावसाळ्यात तेथील हाओर, म्हणजे विस्तीर्ण सखल पाणथळ प्रदेश, समुद्रासारखे भरतात आणि गावे बेटांसारखी उरतात. नदी, शेत आणि तळे यांच्या सीमा चार महिने पुसल्या जातात. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला मासा आणि पूर यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोलकात्याला प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते सिल्हेटला परतले आणि तेथील मुरारीचंद महाविद्यालयात अध्यापक झाले. ६ आणि ७ जुलै १९४७ रोजी सिल्हेटमध्ये सार्वमत झाले आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. चौधुरी भारतात आले. १९४८ मध्ये त्यांनी केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन केंद्रात कनिष्ठ संशोधन साहाय्यकाची जागा स्वीकारली. हे केंद्र त्याआधीच्याच वर्षी सुरू झाले होते आणि पुढे बराकपूरची संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. वर्गासमोर उभा राहणारा अध्यापक तिशीच्या उंबरठ्यावर एका नव्या संस्थेत तळाच्या पायरीपासून सुरुवात करतो, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते, कारण पुढची नऊ वर्षे त्यांनी जे काम केले त्याचा मोठा भाग तळ्याकाठी, गुडघाभर चिखलात उभे राहून करायचे काम होते.

संस्थेच्या तळीशेती विभागाची स्थापना १९४९ मध्ये कटक येथे झाली. तेथे के. एच. अलिकुन्ही यांच्या नेतृत्वाखाली मत्स्यजिरे जगवण्याच्या प्रश्नावर काम चालू होते, कारण नदीतून आणलेल्या जिऱ्यांपैकी बहुतेक संगोपनतळ्यातील पाणकिड्यांच्या तोंडी जात. पाण्यावर तेल आणि साबण यांच्या मिश्रणाचा पातळ थर देऊन, श्वास घ्यायला वर येणारे किडे गुदमरवून मारण्याची रीत त्याच काळात रूढ झाली. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण हे तिचे प्रमाण आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की प्रेरित प्रजननाचे, म्हणजे संप्रेरक टोचून माशाला अंडी सोडायला लावण्याचे, यश एकाकी आले नाही. जिरे जगवायची कशी हे आधी कळले होते, म्हणूनच जिरे निर्माण करण्याला अर्थ आला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर आला, पाण्याचे तापमान उतरले, प्रवाह वाढला, की या संवेदना माशाच्या मेंदूपर्यंत पोचतात. मेंदू त्याच्या खालच्या बाजूला असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते, आणि त्या संप्रेरकामुळे अंडाशयातील तयार अंडी पक्व होऊन सुटतात. तळ्यातील मादीत ही साखळी शेवटून दुसऱ्या टप्प्यावर तुटते. अंडी तयार असतात आणि ग्रंथीत संप्रेरकही साठलेले असते, पण स्थिर पाण्यात इशाराच मिळत नाही म्हणून ते सुटत नाही. मग दुसऱ्या माशाची ग्रंथी काढून तिचा अर्क या मादीला टोचला तर? ही कल्पना चौधुरींची नव्हती, आणि ती त्यांच्या नावावर चढवण्याचे कारणही नाही. अर्जेंटिनात बर्नार्दो उसाय यांनी १९३० मध्ये पिल्ले देणाऱ्या एका लहान माशाला पीयूषिकेचा अर्क टोचून अकाली प्रसूती घडवली होती. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी १९३० च्या दशकात नदीतील माशांवर हीच पद्धत वापरली. आपल्याकडे हमीद खान यांनी पंजाबात मृगळ माशावर सस्तन प्राण्यांच्या पीयूषिकेचा अर्क वापरून पाहिला आणि १९३८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली.

तेव्हा या प्रकरणातील खरा प्रश्न कल्पना कोणाची हा नाही. १९३८ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेली कल्पना १९५७ पर्यंत तळ्यावर का उतरली नाही, आणि १९५७ नंतर थोड्याच वर्षांत ती गावोगाव कशी पोचली, हा खरा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर ग्रंथीच्या निवडीत आणि मोजमापात आहे. सस्तन प्राण्याचे संप्रेरक कार्प माशाच्या, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातल्या माशाच्या, शरीरात नीट काम करत नाही. दाता मासा घेणाऱ्या माशाच्या जितका जवळच्या कुळातला, तितका अर्क प्रभावी. दाता पूर्ण वाढलेला आणि विणीच्या हंगामातला असावा लागतो, कारण अंडी सोडून मोकळ्या झालेल्या माशाच्या ग्रंथीत फारसे काही उरत नाही. ग्रंथी मासा ताजा असतानाच काढावी लागते. तिचे वजन मिलिग्रॅममध्ये करून, घेणाऱ्या माशाच्या वजनाशी त्याचे प्रमाण बसवावे लागते. यातील एकही अट चुकली तर प्रयोग फसतो, आणि फसलेल्या प्रयोगातून नेमकी कोणती अट चुकली हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच अट बदलत, प्रत्येक माशाची स्वतंत्र नोंद ठेवत हंगामामागून हंगाम काम करावे लागते. तेही वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिनेच करता येते. एक चूक दुरुस्त करायला पुढच्या आषाढाची वाट पाहावी लागते.

ग्रंथी काढणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या कामाची जात कळत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील विच्छेदने बंद झाली, म्हणून दर जुलैमध्ये मी बाजारातून रोहूची डोकी आणतो. मासेवाली ती एरवी रस्शासाठी स्वस्तात देते. डोके ओट्यावर घट्ट धरून डोळ्यांच्या वरच्या बाजूने कवटीचे झाकण धारदार सुरीने तिरपे छाटायचे. आत पिवळसर-करडी चरबी दिसते, ती कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यायची. मग मेंदू उघडा पडतो. पुढच्या बाजूचे मज्जातंतू कापून मेंदू चिमट्याने अगदी हलक्या हाताने मागे उचलायचा. खाली हाडाच्या लहानशा खळग्यात, पातळ पडद्याखाली, मोहरीपेक्षा थोडा मोठा असा मोतिया पांढरा दाणा बसलेला असतो. तीच पीयूषिका. पडदा सुईने कडेने सोडवून दाणा न फोडता उचलावा लागतो. फुटला तर तो वाया गेला. दर वर्षी पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून अधिक मुलांचा दाणा फुटतो. चांगला निघालेला दाणा लगेच निर्जल अल्कोहोलमध्ये टाकायचा, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचे आणि गडद रंगाच्या कुपीत थंड जागी ठेवायचे, की तो पुढे बराच काळ टिकतो. शेकडो डोक्यांतून असे दाणे न फोडता काढण्यासाठी जो हात लागतो, तो प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत, माशांच्या मेंदूची आणि मज्जातंतूंची विच्छेदने करता करताच तयार होत असे.

या संदर्भात एक समांतर उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५६ मध्ये एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज यांनी पीयूषिकेच्या अर्काने शिंगी माशाचे प्रजनन घडवल्याची नोंद प्रसिद्ध केली. रामस्वामी हेही प्राणिशास्त्राचे प्राध्यापकच होते. म्हणजे त्या दशकात भारतात हा प्रश्न दोन ठिकाणी सुटत होता, आणि दोन्हीकडे विच्छेदनाच्या टेबलावर हात बसलेली माणसे होती.

चौधुरी १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील अलाबामा येथे गेले. पुढे ऑबर्न विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील संस्थेतून त्यांनी मत्स्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्या काळात ही संस्था तळ्यांतील मत्स्योत्पादनाच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र होती. १९५५ मध्ये त्यांना एका छोट्या यशाची खूण मिळाली : कटलाच्या ग्रंथीचा अर्क टोचून एसोमस डॅनरिकस या बोटाएवढ्या माशाने अंडी घातली. हा मासा बाजाराच्या दृष्टीने नगण्य आहे. पण तो कार्पच्याच कुळातला आहे, आणि त्याला लागू पडलेली गोष्ट रोहूला लागू पडावी असा तर्क त्यामागे होता. मोठी मादी महाग, जपायला अवघड आणि वर्षातून एकदाच वापरता येणारी. तेव्हा तर्क आधी लहान माशावर तपासून घ्यायचा, ही प्रयोगशाळेत शिकवणाऱ्याची सवय येथे उपयोगी पडली.

त्यानंतरच्या हंगामात मोठ्या कार्पवर काम सुरू झाले आणि १० जुलै १९५७ रोजी अंगुल येथे ते फळाला आले. त्याच वर्षी चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी त्याचा वृत्तांत 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. दोघांची नावे त्यावर आहेत आणि ती तशीच घेतली जावीत. विभाग उभा करणारा आणि प्रयोगाला हंगामामागून हंगाम अवसर देणारा प्रमुख नसता, तर एकट्या साहाय्यकाला हे जमले नसते.

त्या प्रयोगांतून जी रीत बसली, ती थोडक्यात अशी. ढगाळ, पावसाळी दिवस निवडायचा. पाणी २७ अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर उत्तम. मादीचे पोट मऊ आणि गोल असावे, गुदद्वार किंचित सुजलेले आणि गुलाबी असावे. नराच्या छातीच्या पराची आतली बाजू बोटाला खरखरीत लागावी, आणि पोट हलके दाबताच दुधासारखे वीर्य यावे. ग्रंथी वजन करून, खलून, ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून, गाळ खाली बसवून वरचा निवळ अर्क घ्यायचा. संध्याकाळी मादीला किलोमागे दोन ते तीन मिलिग्रॅमचा पहिला डोस शेपटीच्या देठाजवळच्या स्नायूत द्यायचा. सहा तासांनी मादीला पाच ते आठ मिलिग्रॅमचा दुसरा डोस, आणि नराला त्याच वेळी एकच डोस. मग एक मादी आणि दोन नर हाप्यात, म्हणजे पाण्यात बांबूला ताणून बांधलेल्या कापडी पेटीत सोडायचे. चार ते सहा तासांत, बहुधा पहाटे, हाप्यात खळबळ सुरू होते. सकाळी हापा उचलला की तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा अंड्यांचा थर दिसतो; फलित अंडी काचेसारखी आरपार, न फळलेली पांढरी, अपारदर्शक. चौदा ते अठरा तासांत पिल्ले बाहेर पडतात. किलोभर वजनाच्या रोहूपासून साधारण दोन ते तीन लाख अंडी मिळतात, आणि त्यांतले प्रत्येक पिल्लू रोहूच असते. नदीच्या हंडीत जे कधीच मिळत नव्हते, ते हेच : कोणत्या माशाचे बीज आहे याची खात्री.

परिणामांचा विस्तार मोठा आहे. १९५९ मध्ये जपानमधून चंदेरी मासा (सिल्व्हर कार्प) आणि हाँगकाँगमधून गवत्या मासा (ग्रास कार्प) भारतात आणले गेले होते. तेही तळ्यात आपोआप वीण करत नाहीत. १९६२ मध्ये कटकला याच पद्धतीने त्यांचे प्रजनन झाले. त्यामुळे पृष्ठभागावर, मध्यावर आणि तळाशी चरणाऱ्या सहा जातींचे मासे एकाच तळ्यात वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती शक्य झाली, आणि १९७१ पासून तिचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालला. चौधुरी यांचा त्या कामातही वाटा होता. १९५०-५१ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन सुमारे साडेसात लाख टन होते, आणि त्यातील गोड्या पाण्याचा वाटा सव्वादोन लाख टनांच्या आतच होता. २०२२-२३ मध्ये एकूण उत्पादन १७५ लाख टनांवर गेले आणि त्यातील सुमारे १३१ लाख टन अंतर्देशीय पाण्यातून आले. या वाढीत खाद्य, कर्ज, रस्ते, बर्फ, आंध्रातील मोठी तळी अशा अनेक गोष्टी आहेत. परंतु बीजाशिवाय यातली एकही गोष्ट कामाला आली नसती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या नद्यांचे मूळ रहिवासी नाहीत. ते उत्तरेच्या खोऱ्यांतून आणून दख्खनच्या जलाशयांत सोडलेले मासे आहेत. त्यामुळे नदीतून बीज गोळा करण्याचा मार्ग आपल्याला जवळपास उपलब्धच नव्हता, आणि प्रेरित प्रजननाचा फायदा आपल्यासारख्या प्रदेशाला अधिक झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर उपजीविका करणाऱ्या ढीवर समाजाच्या सहकारी संस्था आज मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली असे आकारानुसार भाव ठरवून बीज घेतात. ही शब्दावलीच मुळी बीजकेंद्रावर जन्मलेल्या, मोजून विकता येणाऱ्या बीजाची आहे.

यशाची दुसरी बाजूही याच प्रकरणात नोंदवली पाहिजे. बीजकेंद्रे वाढली तशी काही ठिकाणी त्याच त्या मोजक्या माद्या-नरांपासून वर्षानुवर्षे बीज काढले जाऊ लागले, आणि एकाच टाकीत अनेक जाती टोचून सोडल्याने नकळत संकर होऊ लागले. पिल्लू रोहूचेच असेल ही जी खात्री चौधुरींनी मिळवून दिली होती, ती निष्काळजी केंद्रांवर पुन्हा ढिली पडते. आणि आपल्या नद्यांतील स्थानिक मासे, ज्यांचे बीज कोणी मोठ्या प्रमाणावर तयार केले नाही, ते या बाहेरून आलेल्या माशांच्या तुलनेत मागे पडले. याचा दोष तंत्राचा नाही. पण तंत्र शिकवताना हे सांगितले जात नाही, याची खंत मला वाटते.

चौधुरी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ म्हणून परदेशांत गेले आणि आग्नेय आशियात, विशेषतः फिलिपाइन्समधील प्रादेशिक मत्स्य संशोधन केंद्रात, त्यांनी दीर्घकाळ काम आणि मार्गदर्शन केले. म्हणजे उत्तरायुष्यात ते पुन्हा बऱ्याच अंशी शिक्षकाच्याच भूमिकेत होते. २००१ पासून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. २०१४ मध्ये, वयाच्या ब्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बीजकेंद्रांवर आता ग्रंथीचा अर्क फारसा वापरत नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तयार संप्रेरकाची कुपी मिळू लागली. तिच्यात मेंदूच्या इशाऱ्याची कृत्रिम प्रतिकृती आणि त्या इशाऱ्याला आड येणारा अडसर दूर करणारे डोमपेरिडोन, जे आपण उलटीवर घेतो तेच, एकत्र असते. एकाच डोसात काम होते. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात जातील त्यांनाही रोहूचे डोके उघडावे लागणार नाही. तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातले ते प्रात्यक्षिक मी ठेवले आहे. यंदा एका मुलीने तिसऱ्या डोक्यातून दाणा अखंड उचलला, अल्कोहोलमध्ये सोडला, आणि कुपी प्रकाशासमोर धरून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने वहीत वजन लिहिले, आणि त्याखाली लिहिण्यासाठी, मी न सांगता, मासा नर होता की मादी, आणि कोणत्या तारखेला पकडलेला होता, हे विचारायला ती बाजारात मासेवालीकडे परत गेली.